जिल्ह्याच्या गावचा प्राध्यापक

मराठी व्यावसायिक रंगभूमीची सूत्रे मुंबई-पुण्याकडे राहिली, हे सर्वश्रुत आहे. नाट्यसंस्था तेथे, मोठी नाट्यगृहे तेथे आणि नाटकाचा बरावाईट निकाल लावणारे समीक्षकही तेथेच. असे असता १९६० नंतर ज्यांच्या नावावर प्रेक्षक तिकीट काढीत, ते वसंत कानेटकर नाशिकला राहत होते आणि त्यांचा चरितार्थ महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकवून चालत होता, ही गोष्ट दिसते तितकी साधी नाही. एखाद्या गावातील महाविद्यालयाने समाजाला नेमके काय द्यावयाचे असते, या प्रश्नाचे एक उत्तर तीत सामावलेले आहे.

कानेटकरांचा जन्म सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचा. वडील शंकर केशव कानेटकर म्हणजे रविकिरण मंडळातील कवी गिरीश. ते सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात मराठीचे अध्यापन करीत. कविता आणि वर्ग या दोन्हींचा वारसा असा घरातूनच मिळाला. इंग्रजी विषय घेऊन एम. ए. झाल्यावर कानेटकर नाशिकच्या हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून रुजू झाले. गोखले एज्युकेशन सोसायटीने १९२४ साली सुरू केलेल्या या महाविद्यालयात त्यांनी सुमारे पंचवीस वर्षे अध्यापन केले.

त्या काळी खाजगी महाविद्यालयातील प्राध्यापकाचे वेतन काही डोळे दिपवणारे नव्हते. परंतु ते नियमित होते आणि लेखकाच्या दृष्टीने नियमितपणाचे मोल रकमेहून अधिक असते. पहिल्या पुस्तकाने घर चालले पाहिजे अशी सक्ती ज्याच्यावर नसते, त्यालाच उमेदवारी करण्याची सवड मिळते. कानेटकरांना ती मिळाली. प्रारंभी ते कादंबरीकडे वळले. ‘घर’, ‘पंख’, ‘पोरका’ या कादंबऱ्या त्या काळातील. नाटककार म्हणून त्यांचे नाव झाले ते १९५७ च्या ‘वेड्याचं घर उन्हात’ या नाटकाने, म्हणजे पस्तिशीच्या आसपास. पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने ते रंगमंचावर आणले. दुभंगलेल्या मनाचा असा वेध मराठी प्रेक्षकाला नवा होता. वर्गात वर्षानुवर्षे पाश्चात्त्य नाटके उलगडून सांगणाऱ्या माणसाला नाटकाची बांधणी हाताच्या रेषांसारखी परिचित झाली असावी, यात नवल नाही.

पुढील वाटचाल वेगाची आहे. १९६२ साली ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ रंगभूमीवर आले. ऐतिहासिक नाटक म्हणजे तलवारींचा खणखणाट व पल्लेदार भाषणे, ही समजूत त्याने बाजूस सारली. सिंहासनामागील घर दाखविले. बाप आणि मुलगा यांच्यातील दुरावा दाखविला. १९६४ चे ‘मत्स्यगंधा’ संगीत नाटकाच्या पुनरुज्जीवनाला साहाय्यभूत ठरले.

मात्र शिक्षकवर्गाने विशेष लक्ष द्यावे असा धागा निराळाच आहे. त्यांच्या नाटकांत प्राध्यापक पुन्हा पुन्हा येतो. ‘प्रेमा तुझा रंग कसा’ मधील बल्लाळांचे घर हसतेखेळते आहे. ‘अश्रूंची झाली फुले’ या १९६६ च्या नाटकातील विद्यानंद ध्येयवादी आहेत. वाया गेलेल्या लाल्याला ते माणसात आणतात, परंतु संस्थेतील स्वार्थी मंडळी अपहाराचा खोटा आळ घेऊन त्यांनाच तुरुंगात धाडतात. १९७२ च्या ‘हिमालयाची सावली’ मध्ये महर्षी कर्वे यांच्या जीवनाचे पडसाद आहेत. नानासाहेब भानूंच्या समाजकार्याची किंमत त्यांची पत्नी बयो आणि मुले मोजतात. प्रसन्न संसार, संस्थाचालकांचा जाच आणि ध्येयाचा कौटुंबिक खर्च, अशी शिक्षकी पेशाची तीन अंगे येथे दिसतात. पहिले सुखाचे आहे. उरलेली दोन त्या पेशाविषयी भाबडेपणा बाळगू देत नाहीत.

कानेटकरांवर आक्षेपही घेतले गेले. प्रेक्षकानुनयापायी त्यांनी प्रयोगशीलता सोडली, भावनेचा रंग गडद केला, असे म्हटले गेले. त्यात तथ्य नाही असे नाही. पुढे पूर्णवेळ लेखनासाठी त्यांनी नोकरी सोडली. रंगभूमी हीही बाजारपेठच आहे आणि वेतनाचा आधार सुटला की तिचे दडपण वाढते, हे ध्यानात घेऊनच त्यांचे उत्तरकालीन लेखन जोखावे लागते. तरीही नाशिक त्यांनी सोडले नाही. १९८८ च्या ठाणे येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद व १९९२ ची पद्मश्री हे मान त्यांना नाशिककर म्हणूनच मिळाले. २००० साली त्यांचे निधन झाले.

आज त्यांच्या चरित्राकडे पाहताना एक प्रश्न टाळता येत नाही. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत भाषेचे अध्यापन तासिका तत्त्वावरील शिक्षक करीत आहेत. पुढील वर्षी काम मिळेल की नाही, याची त्यांना शाश्वती नसते. प्रतिभा कोणाला पगार देऊन निर्माण करता येत नाही, हे मान्य. परंतु प्रतिभेला पिकण्यासाठी जी दहा-बारा निश्चिंत वर्षे लागतात, ती समाजाला देता येतात. नाशिकच्या एका महाविद्यालयाने ती एका तरुण प्राध्यापकाला दिली आणि तो खर्च मराठी रंगभूमीने कितीतरी पटींनी परत केला. शिक्षकांच्या जागा रिक्त ठेवून होणारी बचत ताळेबंदात दिसते. तिच्यापायी न लिहिली गेलेली नाटके मात्र कोणत्याच ताळेबंदात दिसत नाहीत.