रेनं मांडलेलं घर

२०२३ साली धाकट्या बहिणीकडे लॉस एंजेलिसला गेले होते. समुद्र, मॉल, हॉलिवूड सगळं बघून झालं. एका सकाळी ती म्हणाली, ताई, आज तुला एक घर दाखवते. मी मनात म्हटलं, एवढ्या लांब येऊन लोकांची घरं काय बघायची!

पण गेले. आधी नाव नोंदवावं लागतं. आम्हाला तेव्हा आत सोडलं नाही, बाहेरून काचेतून बघितलं. पॅसिफिक पॅलिसेड्स भागात समुद्राजवळच्या उंचवट्यावर, निलगिरीच्या रांगेमागे ते उभं आहे. काळ्या चौकटींत काचा, अधूनमधून लाल, निळे, पांढरे चौकोन. आत उशा, शिंपले, बाहुल्या, पुस्तकं. घरातली बाई जरा कोपऱ्यावर गेलीय आणि येईलच आता, असं वाटावं. पण ती बाई जाऊन तेव्हा पस्तीस वर्षं झाली होती. तिचं नाव रे ईम्स.

रे १९१२ साली कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोला जन्मली. ओढ चित्रकलेची. न्यूयॉर्कला हान्स हॉफमन यांच्याकडे काही वर्षं शिकली. १९४० मध्ये मिशिगनच्या क्रॅनब्रुक कला अकादमीत गेली, तिथे तिला चार्ल्स ईम्स भेटला. पुढच्याच वर्षी लग्न करून दोघं लॉस एंजेलिसला आले. भाड्याचं घर, आणि त्यातल्या जादा खोलीत स्वतः जुळवलेलं यंत्र! लाकडाचे पातळ थर एकमेकांना चिकटवून, दाबून प्लायवूडला शरीरासारखी वळणं द्यायची. हवेचा दाब द्यायला सायकलचा पंप. त्यातूनच महायुद्धात जखमी सैनिकांच्या पायाला बांधायच्या फळ्या झाल्या आणि नंतर जगभर गेलेल्या खुर्च्या. १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात या फर्निचरचं प्रदर्शन भरलं. शीर्षकात नाव मात्र एकट्या चार्ल्सचं.

घराची गोष्ट तर मला फारच आवडली. महायुद्धानंतरच्या कुटुंबांसाठी नव्या, साध्या घरांचे नमुने बांधून दाखवायची योजना एका मासिकानं १९४५ मध्ये काढली होती. त्यातलं हे आठव्या क्रमांकाचं. पहिला आराखडा चार्ल्स आणि ईरो सारिनेन यांचा. त्यात घर पुलासारखं माळावर पुढे आलेलं होतं. पण युद्धानंतर पोलाद लवकर मिळेना. तोवर दोघं डबा घेऊन त्या माळावर जाऊन बसायची आणि माळाच्याच प्रेमात पडली. मग तो मोकळा ठेवून, जवळपास तेवढ्याच पोलादात, घर मागे टेकडीच्या कडेला सरकवलं. १९४९ च्या नाताळच्या आदल्या दिवशी दोघं राहायला आली, ती कायमचीच.

१९५८ मध्ये आपल्या सरकारच्या बोलावण्यावरून दोघं भारतभर फिरली. त्यांच्या अहवालात भरभरून कौतुक कशाचं, तर आपल्या साध्या तांब्याचं! पुढे १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, तिच्यामागे हाच अहवाल.

२१ ऑगस्ट १९७८ ला चार्ल्स गेला. रे तेव्हा पासष्ट वर्षांची. पुढची वर्षं तिनं दोघांच्या कामाचे फोटो, आराखडे, कागद लावण्यात घालवली. तो प्रचंड ठेवा आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. घर तिनं होतं तसंच ठेवलं. १९८८ मध्ये, बरोबर २१ ऑगस्टलाच, तीही गेली.

चार्ल्सच्या पहिल्या लग्नाची मुलगी लुसिया. तिनं २००४ मध्ये घर जपण्यासाठी संस्था काढली. २०११ मध्ये बैठकीच्या खोलीतल्या अठराशेहून जास्त वस्तू एका संग्रहालयात जशाच्या तशा मांडल्या. रिकाम्या खोलीची तपासणी आणि दुरुस्ती गेटी संस्थेच्या जाणकारांच्या मदतीनं झाली, आणि मग वस्तू पुन्हा आपापल्या जागी.

जानेवारी २०२५ मध्ये पॅलिसेड्सची आग टीव्हीवर बघताना माझ्या पोटात गोळा आला. आसपासची कितीतरी घरं जळाली, हे वाचलं. धुराची काजळी तेवढी आत शिरली. ती साफ करून जुलैत घर पुन्हा लोकांसाठी उघडलं.

मैत्रिणींनो, आमचं सासऱ्यांनी १९५६ साली बांधलेलं घर आता पाडायचंय. सह्या झाल्यात, ते वाचवणं माझ्या हातात नाही. पण फडताळ, देवघर, ओट्यावरचे डबे, कुठली वस्तू कुठे आणि का, हे मी रोज थोडं थोडं वहीत लिहितेय, फोटो काढतेय. बचत गटाच्या बैठकीत घर कुणाचं असं विचारलं, की बायका पटकन नवऱ्याचं नाव सांगतात. आमच्या दारावरच्या पाटीवरही सासऱ्यांचंच नाव आहे. वहीच्या पहिल्या पानावर मात्र मी सासूबाईंचं लिहिलंय.