पेटी स्वतःच शिकले आणि 'मानापमान'चे संगीतकार झाले! कोण होते गोविंदराव टेंबे?

पेटी वाजवायला कुणी रीतसर शिकवलं नाही, तरी मराठी नाट्यसंगीताचा इतिहास ज्यांच्याशिवाय पूर्ण होत नाही, ते म्हणजे गोविंदराव टेंबे. जन्म १८८१ चा, कोल्हापूर भागातला.

पेटीवर हात त्यांनी स्वतःच्या मेहनतीनं बसवला. पण बोटं पळाली म्हणजे राग कळला असं होत नाही. त्यात पेटीवर मींड निघत नाही, दोन पट्ट्यांमधला स्वर सापडत नाही. तो कानानंच ओळखावा लागतो. कोल्हापूरच्या देवल क्लबमध्ये गोविंदरावांचा कान तयार झाला. पुढे त्यांनी भास्करबुवा बखले, अल्लादियाखाँ यांच्यासारख्या दिग्गजांना साथ केली. साथीला बसलं की गवई आता कुठे जाणार आणि का, हे क्षणात समजावं लागतं. हीच त्यांची शाळा ठरली. रीतसर तालीम मिळाली नसली, तरी भास्करबुवांना ते गुरू मानत.

या समजेतून १९११ मध्ये 'मानापमान'च्या चाली आल्या. त्यांत ठुमरी-दादऱ्याचा ढंग होता. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा' चित्रपटात त्यांनी संगीत दिलं आणि हरिश्चंद्रही साकारला.

आपण संगीत कसं समजून घेतलं, हे त्यांनी 'माझा संगीत व्यासंग' या पुस्तकात मांडलं. १९५५ मध्ये त्यांचं निधन झालं. स्वतःच्या बळावर वाद्य शिकणाऱ्यांनी हे पुस्तक जरूर वाचावं.