सहा अवजारं, दोन स्प्रिंगा

माझ्याकडे नऊ चाकू आहेत (सगळे घरी, रेक्टर सरांनी काळजी करू नये!). त्यातला लाल स्विस चाकू सर्वांत लाडका, म्हणून तो बनवणाऱ्या कार्ल एल्सेनरची ही गोष्ट.

१८६० साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला कार्ल हा टोप्या बनवणाऱ्याचा मुलगा. वडिलांचा धंदा सोडून तो चाकू बनवायला शिकला आणि १८८४ मध्ये इबाख गावात त्याने वर्कशॉप काढलं. स्विस सैनिकांचे चाकू जर्मनीतल्या झोलिंगेनहून येतात हे त्याला खटकलं. त्याने देशातले कारागीर जमवले आणि १८९१ मध्ये पहिला माल सैन्याला दिला. पण जर्मन माल स्वस्त पडायचा. एकेक भिडू गळाला. कार्ल हटला नाही, पार दिवाळं निघायची वेळ आली.

मेकॅनिकलवाल्यांनो, खरी गंमत पुढे आहे. सैनिकांचा चाकू दणकट पण जड. कार्लने ऑफिसरांसाठी हलका चाकू काढला: एकाच स्प्रिंगवर दोन्ही बाजूंनी पाती टेकवायची! मोठं पातं, छोटं पातं, डबा उघडणी, स्क्रू-ड्रायव्हर, आरी, बाटलीचं बूच काढायचा स्क्रू. सहा अवजारं, स्प्रिंगा फक्त दोन. १८९७ मध्ये या डिझाइनची नोंदणी झाली. सैन्याने तो अधिकृत घेतलाच नाही, पण ऑफिसर स्वतःच्या खिशातून घेऊ लागले आणि कार्ल तरला.

१९०९ मध्ये आई व्हिक्टोरिया गेली. तिचं नाव त्याने आपल्या मालाला दिलं. तो स्वतः १९१८ मध्ये गेला. न गंजणारं स्टील, म्हणजे 'इनॉक्स', कारखान्यात आलं १९२१ मध्ये. त्यामुळे 'व्हिक्टोरिनॉक्स' हे नाव कार्लने कधी ऐकलंच नाही.