कामसुखाला आरोग्याचे स्थान देणारे विचारवंत : र. धों. कर्वे

कामसुखावर स्त्री आणि पुरुष या दोघांचाही सारखाच अधिकार आहे, हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उघडपणे सांगणाऱ्या भारतीयांमध्ये रघुनाथ धोंडो कर्वे यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. संततिनियमनाचे आद्य पुरस्कर्ते ही त्यांची सर्वपरिचित ओळख आहे. मात्र लोकसंख्येला आळा घालणे हा त्यांच्या कार्याचा केवळ एक भाग होता. गर्भधारणेच्या आणि रोगाच्या भीतीपासून मुक्त असे कामजीवन प्रत्येक प्रौढ व्यक्तीला लाभावे, हा त्यांचा मूळ आग्रह होता. या आग्रहापोटी त्यांना नोकरी गमवावी लागली, न्यायालयात आरोपी म्हणून उभे राहावे लागले आणि आयुष्याचा मोठा काळ आर्थिक ओढाताणीत काढावा लागला.

कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातील मुरुड येथे झाला. स्त्रीशिक्षणाचे प्रवर्तक महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते ज्येष्ठ पुत्र होत. १८९१ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी त्यांना मातृवियोग झाला. दोन वर्षांनी वडिलांनी एका विधवेशी पुनर्विवाह केला, तेव्हा मुरुडच्या ग्रामस्थांनी या कुटुंबावर बहिष्कार घातला. रूढीविरुद्ध पाऊल टाकणाऱ्याला समाज काय किंमत मोजायला लावतो, याचे दर्शन रघुनाथरावांना असे घरातच घडले.

पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलचे विद्यार्थी असलेले कर्वे १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत पहिले आले. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन त्यांनी वडिलांप्रमाणेच गणिताच्या अध्यापनाचा पेशा स्वीकारला. पहिल्या महायुद्धानंतर गणिताच्या उच्च अभ्यासासाठी ते पॅरिसला गेले. तेथील वास्तव्यात फ्रेंच भाषेवर त्यांनी प्रभुत्व मिळवले. युरोपात कामविज्ञानावर प्रसिद्ध होत असलेल्या ग्रंथांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. प्रत्येक विधानाला पुरावा मागण्याची गणितज्ञाची शिस्त त्यांनी या विषयालाही लावली.

संततिनियमनाची चळवळ तेव्हा पाश्चात्त्य देशांतही बाल्यावस्थेत होती. अमेरिकेत मार्गारेट सँगर यांनी १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात काढलेले केंद्र पोलिसांनी काही दिवसांतच बंद पाडले होते. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र मार्च १९२१ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी कर्वे यांनी मुंबईत आपले संततिनियमन केंद्र उघडले. ते भारतातील अशा प्रकारचे पहिले केंद्र मानले जाते. केंद्राच्या कामात त्यांना पत्नी मालतीबाई यांची साथ होती. स्वतःला अपत्य होऊ न देण्याचा निर्णयही या दांपत्याने विचारपूर्वक घेतला आणि अखेरपर्यंत पाळला. १९२३ मध्ये कर्वे यांचे संततिनियमनावरील मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले.

त्या वेळी कर्वे मुंबईतील विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. हे महाविद्यालय ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या व्यवस्थापनाखाली होते. संततिनियमनाचा आणि स्त्रीच्या कामसुखाच्या हक्काचा जाहीर पुरस्कार व्यवस्थापनाला मानवला नाही. अखेर १९२५ मध्ये कर्वे यांना राजीनामा द्यावा लागला. यानंतर त्यांनी आपले सर्व लक्ष याच कार्यावर केंद्रित केले.

१५ जुलै १९२७ रोजी 'समाजस्वास्थ्य' या मासिकाचा पहिला अंक निघाला. लैंगिक आरोग्य, संततिनियमन, गुप्तरोग, वेश्याव्यवसाय, नग्नता आणि विवाहसंस्था अशा विषयांवर मराठीत नियमितपणे लिहिणारे हे मासिक होते. मुखपृष्ठावर स्त्रीचे नग्न चित्र छापण्याचा प्रघात कर्वे यांनी टीका होऊनही सोडला नाही. मानवी शरीराची लाज बाळगण्याचे कारण नाही, ही भूमिका त्यामागे होती. लेखन, संपादन, प्रकाशन आणि वितरण यांचा बहुतेक भार ते स्वतःच वाहत असत. मासिकाचा खप कधीच मोठा नव्हता, तरीही ते तब्बल २६ वर्षे चालले.

मासिकातील सर्वाधिक महत्त्वाचा भाग म्हणजे वाचकांच्या शंकांना दिलेली उत्तरे. पत्र पाठवणाऱ्यांमध्ये मध्यमवर्गीय पुरुषांची संख्या मोठी होती. हस्तमैथुनाने शरीर खंगते काय, स्वप्नावस्थेतील वीर्यपतन हा रोग आहे काय, आपली इंद्रिये पुरेशी आहेत काय, पत्नीला समाधान कसे देता येईल, अशा शंकांनी ही माणसे ग्रासलेली असत. वीर्यनाश म्हणजे आयुष्याचा नाश ही समजूत त्या काळी सार्वत्रिक होती. वैदू आणि औषधविक्रेते या भयाचा व्यापार करीत असत. उलट, हस्तमैथुन अपायकारक नाही, अपायकारक आहे ती त्यापोटी बाळगलेली भीती आणि अपराधभावना, असे कर्वे सांगत. आपल्या प्रश्नाचे उत्तर कोणीतरी उपदेश न करता, स्पष्ट शब्दांत देत आहे, हेच अनेकांना मोठे औषध ठरले असावे.

स्त्रीच्या बाबतीत त्यांचा विचार काळाच्या पुढे होता. स्त्रीला कामेच्छा नसते किंवा असू नये, हा समज त्यांनी नाकारला. पत्नीची इच्छा नसताना केलेला संभोग विवाहामुळे योग्य ठरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. प्रत्येक समागमातून गर्भधारणेची शक्यता असेल, तर स्त्रीला त्यात निर्भयपणे सुख घेता येणार नाही, हे त्यांनी ओळखले. म्हणूनच त्यांच्या दृष्टीने गर्भनिरोधक साधने ही केवळ कुटुंब लहान ठेवण्याची युक्ती नव्हती. प्रजोत्पादन आणि सुख यांना परस्परांपासून वेगळे करणारे ते साधन होते. १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आधुनिक कामशास्त्र' या ग्रंथात त्यांनी या विषयाची शास्त्रीय मांडणी मराठी वाचकांपुढे ठेवली.

ही मांडणी कायद्याच्या कचाट्यात सापडणे अटळ होते. व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखामुळे १९३१ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यांना १०० रुपये दंड ठोठावण्यात आला. १९३४ च्या दुसऱ्या खटल्याचे कारण म्हणजे वाचकांच्या शंकांना दिलेली उत्तरे. त्यांतील काही हस्तमैथुनाविषयी, तर काही समलिंगी संबंधांविषयी होती. या वेळी कर्वे यांची बाजू मांडण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. मासिकाचा हेतूच लैंगिक शिक्षणाचा असल्याने वाचकांच्या प्रश्नांना उत्तर देणे हे त्याचे कर्तव्य ठरते आणि लैंगिक विषयावरील प्रत्येक लेखन अश्लील मानता येत नाही, या दिशेने त्यांचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मान्य केला नाही. कर्वे यांना २०० रुपये दंड झाला. निकाल विरोधात गेला असला, तरी दोघांचीही मते बदलली नाहीत. १९३८ मध्ये आंबेडकर यांच्या पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडण्यात आला. तोही फेटाळला गेला.

कर्वे यांचा दुसरा मोठा मतभेद महात्मा गांधी यांच्याशी होता. संततिनियमन आवश्यक असले तरी त्याचा मार्ग आत्मसंयम हाच आहे, असे गांधीजी मानत. कृत्रिम साधनांना त्यांचा विरोध होता. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर यांनी वर्धा येथे भेट घेऊन चर्चा केल्यानंतरही त्यांनी ही भूमिका सोडली नाही. सर्वसामान्य दांपत्यावर ब्रह्मचर्य लादणे अव्यवहार्य आहे, असे सांगत कर्वे यांनी या भूमिकेवर सातत्याने टीका केली. देश गांधीजींच्या नेतृत्वाखाली वाटचाल करीत असताना अशी टीका करणाऱ्याला लोकप्रियता लाभणे शक्य नव्हते.

कर्वे यांच्या विचारांना त्यांच्या काळाच्या मर्यादाही होत्या. निवडक प्रजननाने समाज सुधारण्याची कल्पना तेव्हाच्या संततिनियमन चळवळीत जगभर रुजली होती आणि 'समाजस्वास्थ्य'ही तिच्या प्रभावापासून मुक्त नव्हते. ही कल्पना पुढे अशास्त्रीय आणि अन्यायकारक ठरली. मात्र कामसुखाविषयीची त्यांची मूळ भूमिका नंतरच्या संशोधनाने बळकट केली. अमेरिकेतील संशोधक आल्फ्रेड किन्से यांचा स्त्रियांच्या लैंगिक वर्तनाविषयीचा ग्रंथ सप्टेंबर १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. हस्तमैथुन आणि कामपूर्ती हे स्त्रियांच्याही अनुभवाचे भाग आहेत, हे त्यातून हजारो मुलाखतींच्या आधारे समोर आले. १९६६ मध्ये मास्टर्स आणि जॉन्सन यांनी कामपूर्तीच्या वेळी शरीरात होणारे बदल प्रयोगशाळेत नोंदवले. शिश्निकेचा मोठा भाग शरीराच्या आत असतो, हे १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातील शल्यचिकित्सक हेलन ओकॉनेल यांनी सविस्तर दाखवून दिले. अनेक स्त्रियांना केवळ योनिसंभोगातून कामपूर्ती होत नाही, त्यासाठी शिश्निकेला स्पर्श आवश्यक असतो आणि त्यात कोणतेही न्यून नाही, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. घाई न करणे, जोडीदाराशी मोकळेपणाने बोलणे, परस्परांची संमती आणि भीतीचा अभाव या गोष्टी कामसुखात भर घालतात, हेही आता सर्वमान्य झाले आहे.

स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम स्वीकारला. ज्या कामासाठी आपल्याला नोकरी सोडावी लागली, तेच काम सरकारी धोरण झाल्याचे कर्वे यांना पाहता आले. परंतु या कार्यक्रमाचा भर जन्मदर कमी करण्यावर होता. सुखाचा हक्क हा कर्वे यांच्या विचाराचा दुसरा भाग त्यात आला नाही. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. नोव्हेंबर १९५३ चा अंक 'समाजस्वास्थ्य'चा अखेरचा अंक ठरला. त्यांच्या वडिलांना १९५८ मध्ये भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान लाभला. पुत्राच्या वाट्याला मात्र दीर्घकाळ विस्मृतीच आली.

पुढील काळात ही विस्मृती काही अंशी दूर झाली. अमोल पालेकर यांचा 'ध्यासपर्व' हा चित्रपट कर्वे यांच्या जीवनावर आधारित आहे. २०१७ मध्ये अजित दळवी लिखित आणि अतुल पेठे दिग्दर्शित 'समाजस्वास्थ्य' या नाटकाने त्यांच्यावरील खटले रंगभूमीवर आणले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीने होणारे समलिंगी संबंध गुन्हा नसल्याचा निर्णय दिला. ज्या विषयावरील उत्तरासाठी कर्वे यांना दंड भरावा लागला होता, त्याला ८४ वर्षांनी कायद्याचे संरक्षण मिळाले.

तरीही सर्व प्रश्न सुटलेले नाहीत. २००७ मध्ये शाळांतील लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमाला अनेक राज्यांनी विरोध केला आणि त्यात कर्वे यांची कर्मभूमी असलेला महाराष्ट्रही होता. वीर्यनाशाच्या भीतीने डॉक्टरांकडे जाणारे तरुण आजही आढळतात आणि त्या भीतीवर चालणाऱ्या औषधांच्या जाहिरातीही दिसतात. पत्नीची इच्छा विचारात घेण्याची गरज न वाटणारे पतीही आहेत. 'समाजस्वास्थ्य' बंद पडून सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला, परंतु त्याच्या वाचकांनी विचारलेले प्रश्न अद्याप जुने झालेले नाहीत.