त्र्याऐंशीव्या वर्षी महापौर

गोष्ट एका रविवारचीच आहे. तारीख ९ ऑगस्ट १८३५. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे बाल्टिमोर शहर काही दिवस दंगलीत होरपळत होते. एक बँक बुडाली होती आणि तिच्याशी संबंध असलेल्या बड्या लोकांच्या घरांत जमाव शिरत होता. सामानसुमान, पुस्तके सारे रस्त्यावर फेकून त्याची होळी केली जात होती. महापौरांच्या घराचीही तीच गत झाली. त्यांनी हात टेकले. शहराला कोणी वाली उरला नाही. अशा वेळी हतबल झालेल्या नागरिकांनी आपल्यातल्या एका वृद्ध गृहस्थाला पुढे केले. त्यांचे वय होते ८३! हे आजोबा देशाचा झेंडा घेऊन रस्त्यावर उतरले, लोकांना मोकळ्या मैदानात गोळा केले आणि आपले शहर आपणच राखायचे आहे, हत्यारे घेऊन या, असे त्यांना बजावले. लोक आले. दंगल शमली.

या गृहस्थांचे नाव सॅम्युएल स्मिथ. अमेरिकेच्या राष्ट्रगीताची जन्मकथा वाचताना मला ते प्रथम भेटले, तेही कोपऱ्यात उभे असल्यासारखे. पुढे त्यांचे चरित्र वाचले आणि माझ्या मनात एकच प्रश्न घोळत राहिला. नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाला आपण देवळात जा, नातवंडे खेळवा असे सांगतो. मीही ते ऐकून घेतले आहे. मग त्या शहराला त्या दिवशी याच माणसाची आठवण का झाली?

स्मिथ यांचा जन्म १७५२ साली पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावचा. वडील व्यापारी. कुटुंब बाल्टिमोरला आले आणि मुलगा कोवळ्या वयातच पेढीवर हिशेब शिकू लागला. पुढे वडिलांच्या जहाजातून तो युरोपही पाहून आला. एखाद्या सुखवस्तू घरातल्या मुलाचे जसे जायचे तसे आयुष्य गेले असते. पण इंग्लंडविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पेटले. १७७६ साली स्मिथ मेरीलँडच्या तुकडीत कॅप्टन झाले आणि त्याच वर्षी लाँग आयलंडच्या लढाईत उतरले.

खरी कसोटी लागली ती १७७७ च्या शरद ऋतूत. फिलाडेल्फिया शहर इंग्रजांनी घेतले होते, पण त्यांच्या जहाजांना डेलावेअर नदीतून वर यायला वाट नव्हती. नदीतल्या एका चिखलाच्या बेटावर मिफ्लिन नावाचा छोटा किल्ला आडवा आला होता. तो राखायचे काम पंचविशीतल्या स्मिथांवर आले. दलदल, थंडी, अपुरा दारूगोळा आणि समोरून तोफांचा मारा. अशा अवस्थेत त्यांनी कित्येक आठवडे किल्ला धरून ठेवला. नोव्हेंबरमध्ये जखमी झाल्यावरच त्यांना तिथून हलवण्यात आले. चार-पाच दिवसांनी किल्लाही सोडावा लागला. काँग्रेसने त्यांना मानाची तलवार देण्याचा ठराव केला.

१७७९ साली स्मिथांनी सैन्य सोडले आणि ते पुन्हा व्यापारात शिरले. बाल्टिमोर बंदर वाढत होते, त्याबरोबर तेही वाढले. जहाजे झाली, पैसा झाला, राहायला शहराबाहेर हवेली झाली. १७९३ पासून पुढे, मधला थोडासा खंड सोडला तर, ४० वर्षे ते देशाच्या काँग्रेसमध्ये होते. कधी प्रतिनिधिगृहात, कधी सेनेटमध्ये. सरळमार्गी साधुपुरुष मात्र ते नव्हते. महत्त्वाकांक्षा दांडगी, स्वभाव ताठ. स्वपक्षाच्याच राष्ट्राध्यक्षांशी, मॅडिसन यांच्याशी, त्यांचे बिनसले.

पुन्हा युद्ध आले. ऑगस्ट १८१४ मध्ये इंग्रजांनी राजधानी वॉशिंग्टन जाळली. पुढचा घाव बाल्टिमोरवर पडणार हे उघड होते. शहराच्या रक्षण समितीने धावपळ करून बोलावले ते ६२ वर्षांच्या स्मिथांना. तिथे केंद्र सरकारचा सेनापती होता, त्याचा हक्क बाजूला सारून स्मिथांनी सूत्रे हाती घेतली. मग त्यांनी सगळ्या शहराला कामाला जुंपले. लोकांनी कुदळी-फावडी घेऊन यावे, असे फर्मान निघाले. शहराच्या पूर्वेच्या टेकडीवर खंदक आणि मातीचे तट उभे राहिले. बंदराच्या तोंडाशी व्यापाऱ्यांची जहाजे मुद्दाम बुडवून शत्रूची वाट अडवली गेली. स्वतः जहाजांचा धनी असलेल्या माणसाचा हा हुकूम होता, हे लक्षात घ्यायला हवे.

१२ सप्टेंबरला इंग्रज फौज किनाऱ्यावर उतरली. त्यांचा सेनापती रॉस पहिल्याच दिवशी गोळी लागून पडला. फौज टेकडीसमोर आली, तटावरच्या तोफा पाहून थबकली. तिकडे मॅकहेन्री किल्ल्यावर सुमारे २५ तास तोफांचा मारा झाला, पण किल्ला पडला नाही. सकाळी त्यावरचा झेंडा फडकताना पाहून फ्रान्सिस स्कॉट की या वकिलाने जे काव्य लिहिले, ते १९३१ साली अमेरिकेचे राष्ट्रगीत झाले. काव्य अजरामर झाले, कवीही झाला. शहर सावरून धरणारा म्हातारा सेनापती मात्र मागे राहिला.

आणि मग उतरती कळा लागली. १८१९ च्या मंदीत स्मिथांची पेढी बुडाली. त्यांचे भागीदार बाल्टिमोरमधल्या राष्ट्रीय बँकेच्या शाखेचे अध्यक्ष होते. त्या शाखेतल्या गैरव्यवहारात दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम गेली. पेढीवर नाव स्मिथांचेही होते. संपत्ती गेली, अब्रूलाही डाग लागला. सहासष्ट-सदुसष्टाव्या वर्षी हा घाव सोसून माणूस अंथरूण धरतो. स्मिथ मात्र पुन्हा उभे राहिले, आणि मतदारांनीही त्यांना टाकले नाही.

आता १८३५ च्या त्या दंगलीकडे पुन्हा वळू. बँक ऑफ मेरीलँड मार्च १८३४ मध्ये बुडाली होती. दीड वर्ष होत आले तरी ठेवीदारांना हिशेब मिळत नव्हता. कारागीर, छोटे दुकानदार असे लोक होते हे. बँक बुडणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. लोकांचा राग खोटा नव्हता. पण रागाने शहर पेटले. दंगल आवरताना गोळीबार झाला, माणसे मेली. अशा वेळी समोर आला तो पेढीच्या बुडण्यात स्वतःची संपत्ती गमावलेला माणूस. त्याच वर्षी त्यांना महापौर निवडले गेले आणि १८३८ पर्यंत त्यांनी कारभार पाहिला.

एक गोष्ट मात्र झाकून चालणार नाही. ज्या शहराची शिस्त स्मिथांनी राखली, त्या शहरात गुलामगिरी कायदेशीर होती. त्यांची कारकीर्द संपली त्याच वर्षी, ३ सप्टेंबर १८३८ रोजी, फ्रेडरिक डग्लस नावाचा तरुण गुलाम याच बाल्टिमोरमधून निसटला आणि पुढे स्वातंत्र्याचा मोठा वक्ता झाला. रस्त्यावर उतरलेल्या त्या झेंड्याची सावली सगळ्यांवर सारखी पडत नव्हती.

२२ एप्रिल १८३९ रोजी स्मिथ वारले. बाल्टिमोरच्या फेडरल हिलवर आज त्यांचा पुतळा आहे, बंदर खाली दिसते. माझ्या प्रश्नाचे उत्तर मला एवढेच मिळाले: शहराने निष्कलंक माणूस शोधला नाही. आधीच्या संकटात जो पळाला नव्हता आणि पडल्यावर ज्याने गाव सोडले नव्हते, त्याला हाक मारली. आपल्या घरातल्या आरामखुर्चीत बसलेल्या आजोबांनीही कधी काळी असे काही राखले असेल. आज रविवार आहे, सगळे घरी आहेत. एकदा विचारून तर पाहा.