मान्सूनचं कोडं सोडवायला आला आणि जगाच्या हवामानाचा धागा पकडून गेला

पुण्यात शिवाजीनगरला सिमला ऑफिस चौक आहे. पुण्यात सिमला कुठून आलं, हा प्रश्न नव्या माणसाला पडतोच. तर झालं असं की, भारतीय हवामान खात्याचं मुख्य कार्यालय आधी सिमल्याला होतं. १९२८ मध्ये ते पुण्यात हलवलं, दगडी इमारत उभी राहिली आणि पुणेकरांनी तिला नाव देऊन टाकलं सिमला ऑफिस. पुढं मुख्यालय दिल्लीला गेलं, नाव मात्र इथंच राहिलं.

खातं पुण्याला येण्याआधी, सिमल्याच्या दिवसांत, एक माणूस २० वर्षं त्याचा प्रमुख होता आणि आकडे जुळवत बसला होता. त्याचं नाव सर गिल्बर्ट वॉकर.

आज कुठं ढगफुटी झाली, पूर आला किंवा पावसानं महिनाभर दडी मारली की सोशल मीडियावर लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो, हे सगळं हवामान बदलामुळं. दुसरा म्हणतो, असं पूर्वीही व्हायचं, निसर्गाचं चक्र आहे. नेमका हाच वाद शंभरेक वर्षांपूर्वी वॉकर यांच्या टेबलावर आला होता.

बूमरँगवाला रँग्लर

वॉकर यांचा जन्म १४ जून १८६८ चा, इंग्लंडमधल्या रॉचडेलचा. पोरगा गणितात हुशार. १८८९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिला आला, म्हणजेच सीनियर रँग्लर झाला. आपले रँग्लर परांजपे बरोबर १० वर्षांनी, १८९९ मध्ये याच मानाचे धनी झाले.

पण अभ्यासाच्या ताणानं वॉकर यांची तब्येत ढासळली. हवापालटासाठी काही हिवाळे स्वित्झर्लंडमध्ये काढावे लागले. बरे होऊन ते केंब्रिजला शिकवू लागले आणि तिथं त्यांना नाद लागला बूमरँगचा. फेकलेलं लाकूड परत का येतं, याचं गणित ते मांडायचे आणि स्वतः मैदानात जाऊन फेकूनही बघायचे. लोकांनी त्यांचं नावच बूमरँग वॉकर ठेवलं. बासरीची रचना आणि पक्ष्यांचं उडणं हेही त्यांच्या आवडीचे विषय.

हवामानशास्त्राचं शिक्षण मात्र शून्य. तरीही भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख सर जॉन इलियट यांनी आपल्या जागी याच माणसाला आणलं. १९०४ मध्ये वॉकर खात्याचे प्रमुख झाले.

खात्याची अब्रू गेली होती

गणितज्ञच का हवा होता, हे समजायला थोडं मागं जावं लागेल.

हवामान खातं सुरू झालं १८७५ मध्ये. त्यानंतर लगेच १८७६ ते १८७८ चा महादुष्काळ पडला. दख्खन, म्हैसूर, मद्रास असा मोठा भाग होरपळला आणि लाखो माणसं अन्नाविना गेली. पावसाचा अंदाज आधी मिळाला तर काही करता येईल, म्हणून खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफोर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावरून अंदाज बांधायला सुरुवात केली. हिमालयात बर्फ जास्त तर मान्सून कमकुवत, असा त्यांचा ठोकताळा होता. १८८६ पासून असे अंदाज रीतसर निघू लागले.

मग आलं १८९९. खात्याचा अंदाज साफ चुकला. पावसानं दगा दिला आणि गुजरात, राजपुताना, मध्य प्रांत, मुंबई इलाखा पुन्हा दुष्काळात सापडला. विक्रम संवत १९५६ म्हणून गुजरात-राजस्थानात त्याला छप्पनिया म्हणतात. वर्तमानपत्रांनी खात्याला धारेवर धरलं. पुढं काही वर्षं तर अंदाज जाहीर करणंच बंद झालं, ते सरकारी अधिकाऱ्यांपुरतेच राहिले.

अशा वेळी वॉकर यांच्या हाती खातं आलं.

कारण नंतर, आधी आकडे

पाऊस का कमी-जास्त होतो याचा सिद्धांत कुणाकडंच नव्हता. वॉकर यांनी ठरवलं, कारणाच्या मागं नंतर लागू, आधी जगभरातले आकडे एकमेकांशी जुळवून बघू. हवेचा दाब, तापमान, पाऊस, नद्यांचे पूर, जे मिळेल ते. संगणक नव्हता, त्यामुळं ऑफिसातले भारतीय कर्मचारी ही हजारो गणितं हातानं सोडवायचे.

त्यातून त्यांनी मान्सूनच्या अंदाजाचं सूत्र तयार केलं. त्यात हिमालयातला बर्फ तर होताच, शिवाय मॉरिशसमधला हवेचा दाब, दक्षिण अमेरिकेतला दाब आणि झांझिबारमधला पाऊसही होता. भारतातल्या शेताचं भवितव्य बघायला हा माणूस चिली-अर्जेंटिनापर्यंत पोचला होता.

यातला धोकाही त्यांनीच ओळखला. शेकडो जोड्या तपासल्या की त्यातल्या काही निव्वळ योगायोगानंही जुळतात. मग खरी जोडी कुठली? त्यासाठी वॉकर यांनी कडक कसोटी लावली. जितक्या जास्त जोड्या तपासाल, तितका पुरावा जास्त भक्कम हवा. व्हॉट्सॲपवर फिरणारे अर्धेअधिक हवामान अंदाज या कसोटीत पहिल्याच फटक्यात बाद होतील.

मग तो वाद आला

१९०० च्या आसपास लागोपाठ वाईट वर्षं गेली होती. जंगलं तोडली, कालवे काढले, त्यामुळं देशाचं हवामानच कायमचं बदललं, अशी चर्चा जोरात होती. वॉकर यांनी उपलब्ध नोंदी तपासल्या आणि १९१० मध्ये निष्कर्ष मांडला. कायमस्वरूपी बदल झाल्याचं आकड्यांवरून सिद्ध होत नाही. चांगली आणि वाईट वर्षं अशी झुंडीनं येऊ शकतात, तो निसर्गाचाच चढउतार आहे.

म्हणजे त्यावेळी दुसऱ्या गटाचं बरोबर होतं.

हा चढउतार नेमका कुठून येतो, याचा धागाही पुढं त्यांनाच सापडला. पॅसिफिक महासागराच्या बाजूला हवेचा दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला तो कमी होतो आणि उलटही होतं, एखाद्या सी-सॉसारखं. काही शास्त्रज्ञांना याची कुणकुण आधीच लागली होती, पण वॉकर यांनी ते पक्क्या आकड्यांत बसवलं. १९२४ च्या सुमाराला त्याचं नाव पडलं सदर्न ऑसिलेशन. युरोपचा हिवाळा हलवणारा उत्तर अटलांटिकमधला असाच झोकाही त्यांनीच मांडला.

१९२४ मध्ये सर ही पदवी घेऊन ते इंग्लंडला परतले आणि लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात प्राध्यापक झाले.

हयातीत न मिळालेलं उत्तर

पण गंमत बघा. ज्या मान्सूनसाठी हा सगळा खटाटोप केला, त्याचा भरवशाचा अंदाज वॉकर यांना शेवटपर्यंत जमला नाही. ते गेल्यावर त्यांच्या सूत्रातले काही संबंध ढिले पडले. इतक्या दूरच्या जागांचं हवामान एकमेकांशी जोडलेलं असेल, हे अनेकांना पटत नव्हतं, कारण ते घडतं कसं हे खुद्द वॉकर यांनाही सांगता येत नव्हतं. ४ नोव्हेंबर १९५८ ला, वयाच्या ९० व्या वर्षी, ते वारले.

त्याच सुमाराला, १९५७-५८ मध्ये, पॅसिफिकमध्ये एल निनो आला होता आणि त्याच्या भरपूर नोंदी झाल्या होत्या. त्या वापरून जेकब ब्यर्कनेस या शास्त्रज्ञानं १९६९ मध्ये कोडं उलगडलं.

एरवी पॅसिफिकवरचे वारे गरम पाणी इंडोनेशियाकडं ढकलतात. तिथं हवा वर चढते, ढग होतात, पाऊस पडतो. वारे मंदावले की गरम पाणी पूर्वेला सरकतं, तोच एल निनो. ढगांचा कारखाना त्याच्यामागं सरकतो आणि भारतावर पावसाला पोषक स्थिती कमजोर पडते. वॉकर यांचा सी-सॉ म्हणजे याच समुद्री खेळाची हवेतली बाजू होती. ब्यर्कनेस यांनी वाऱ्यांच्या या चक्राला नाव दिलं वॉकर सर्क्युलेशन. पुढच्या तीनच वर्षांत, १९७२ मध्ये, महाराष्ट्रानं जो भीषण दुष्काळ सोसला, तेही एल निनोचंच वर्ष होतं.

तरी एल निनो म्हणजे दुष्काळ ठरलेलाच, असंही नाही. १९९७ मध्ये प्रचंड ताकदीचा एल निनो असूनही भारतात पाऊस सरासरीएवढा झाला.

मग आज कुणाचं बरोबर?

वॉकर यांनी १९१० मध्ये निकाल दिला तेव्हा हवेतला कार्बन डायऑक्साइड आजच्यापेक्षा खूपच कमी होता. १९३८ मध्ये गाय कॅलेंडर या इंजिनिअरनं कोळसा जाळल्यानं पृथ्वी तापत असल्याचं लंडनमध्ये मांडलं, तेव्हा त्यावर शंका घेणाऱ्यांत होते जॉर्ज सिम्पसन, सिमल्यात वॉकर यांच्या हाताखाली काम केलेले. पण कॅलेंडर यांची दिशा बरोबर निघाली. पृथ्वीचं सरासरी तापमान औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या तुलनेत आता १ अंश सेल्सियसपेक्षा जास्त वाढलंय.

हवा १ अंशानं तापली की तिची बाष्प धरून ठेवायची क्षमता साधारण ७ टक्क्यांनी वाढते. म्हणजे पाऊस कधी आणि कुठं पडणार, यात एल निनोसारख्या नैसर्गिक झोक्यांचा मोठा हात असतोच. पण पडायला लागला की तो किती जोरात पडणार, तिथं तापलेली हवा भर घालते. पावसानं दडी मारली, तर तीच तापलेली हवा जमिनीतला ओलावा लवकर ओढून घेते. फासा निसर्गच टाकतो, पण आपण त्याची एक बाजू जड करून ठेवलीय.

म्हणून एखाद्या पुराचं कारण शोधताना शास्त्रज्ञ हे की ते, असं विचारत नाहीत. संगणकावर तापलेलं आणि न तापलेलं अशी दोन जगं उभी करून, असा पूर कुठं किती वेळा येतो, हे ते मोजतात.

पुण्याच्या आयआयटीएम संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकारानं २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १९५० ते २०१५ चे पावसाचे आकडे तपासले होते. मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना या काळात तिपटीनं वाढल्याचं त्यात दिसलं. एकूण पाऊस मात्र वाढला नव्हता, उलट घटला होता.

पद्धत वॉकर यांचीच, आधी नोंदी बघायच्या आणि मग बोलायचं. १९१० मध्ये नोंदींनी हवामान बदलल्याचं सांगितलं नव्हतं. आज त्या सांगतायत.