एक एकरवाला आणि जहागीरदार, पट्टी एकच!

विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर घटनेचे शिल्पकार म्हणून घराघरांत पोहोचले. पण सरकारच्या कराचा बोजा गरिबाच्याच पाठीवर का पडतो, हे अभ्यासाने मांडणारे अर्थतज्ज्ञ बाबासाहेब आपल्यापैकी किती जणांनी वाचले? पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत राबणाऱ्या बांधवांनी तरी ते वाचलेच पाहिजेत, असे आम्हाला वाटते.

सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे त्यांना प्रा. सेलिग्मन हे गुरू लाभले. ऐपतीप्रमाणे चढत्या दराने कर घ्यावा, या विषयाचे ते मोठे अभ्यासक. पुढे १९२५ साली बाबासाहेबांचा ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याला प्रस्तावना सेलिग्मन यांचीच. कंपनी सरकारच्या राज्यात रयत शेतसाऱ्याने पिचली, गरिबाच्या मिठावर कर बसला, कारागिराच्या धंद्यावर मोहतर्फा बसला; खंड खाऊन गब्बर झालेला जमीनदार आणि गोरा अंमलदार मात्र मोकळे सुटले, हे त्यांनी दाखवून दिले.

१९२७ साली ते मुंबई कायदेमंडळात आले आणि अर्थसंकल्पावरील भाषणात त्यांनी थेट शेतसाऱ्यावर घाव घातला. प्राप्तिकर भरणाऱ्याला ठरावीक मर्यादेपर्यंत माफी, कमाई नसेल तर कर नाही. शेतकऱ्याचे पीक बुडाले तरी सारा चुकत नाही, आणि एक एकराच्या धन्याला जो दर तोच जहागीरदाराला! हा न्याय नव्हे, असे त्यांनी सरकारला सुनावले. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कामगारविरोधी विधेयकाविरुद्ध मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप घडवला.

२५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्याच वर्षी शेजारच्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर या माळरानांवर कारखान्यांची रांग लागली. शेतसारा भरणाऱ्याची मुले-नातवंडे कामगार झाली. पण पट्टी बदलली का?

कामगाराचे पगारपत्रक पाहा. १९७५ च्या कायद्याने महाराष्ट्रात व्यवसाय कर आला. रोजगार हमीसाठी तो आला, हेतू चांगलाच. पण महिना १० हजारांवर पगार गेला की पुरुष कामगाराचे दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००, असे वर्षाला २,५०० रुपये कापले जातात. महिलांना २०२३ पासून २५ हजारांपर्यंत माफी आहे, ते योग्यच. मात्र कंपनीचा संचालकही वर्षाला २,५०० रुपयेच भरतो! महिना १५ हजार मिळवणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या शंभर रुपयांतून सुमारे १ रुपया ३९ पैसे जातात. वर्षाला एक कोटी कमावणाऱ्याच्या शंभर रुपयांतून जातात अडीच पैसे. संचालक प्राप्तिकर भरतो, हे खरे. पण म्हणून या करात ऐपत पाहायचीच नाही काय? उलट २०१५ च्या अर्थसंकल्पात संपत्ती कर रद्द झाला, २०१९ साली कंपन्यांचा कर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आला. कामगार मात्र साबणापासून चपलेपर्यंत मालकाच्याच दराने जीएसटी भरतो.

व्यवसाय कराची कमाल मर्यादा घटनेच्या कलम २७६ मध्येच आहे. मुळात ती २५० रुपये होती. १९८८ साली घटनादुरुस्ती करून २,५०० केली. म्हणजे ती बदलता येते! कामगाराला माफी वाढवा, वरच्यांसाठी मर्यादा उठवा आणि चढता दर लावा, ही मागणी चळवळीतल्या कामगार संघटनांनी आता लावून धरली पाहिजे. जयंतीला मिरवणूक जरूर काढू, पण १९२७ चे ते भाषण कारखान्याच्या गेटवर वाचले जाईल, तेव्हाच ते खरे अभिवादन ठरेल.